अमानत कुणाच्या हाती?

१ सप्टेंबर १९२० रोजी अमेरिकेत न्यूजर्सी राज्यातील मॉरिसटाउन या गावाजवळ टपाल घेऊन जाणारे एक विमान हवेतच पेटले आणि कोसळले. विमानात दोन माणसे होती. वैमानिक मॅक्स मिलर आणि मेकॅनिक गुस्ताव्ह रायर्सन. दोघेही गेले. मिलर मूळचा नॉर्वेचा. अमेरिकेच्या टपालखात्याने १९१८ साली स्वतःचे मुलकी वैमानिक नेमायला सुरुवात केली तेव्हा पहिली नेमणूक झाली ती त्याचीच. खात्यातला सर्वांत भरवशाचा माणूस म्हणून त्याचे नाव घेतले जाई.

या अपघाताची एक गोष्ट मनातून जात नाही. जमिनीवरून पाहणाऱ्या लोकांनी नंतर सांगितले, की पेटलेल्या विमानातून टपालाच्या पिशव्या बाहेर फेकल्या जात होत्या. म्हणजे विमान जळत असताना, आपण वाचत नाही हे दिसत असताना, त्या दोघांपैकी कुणाचे तरी हात अनोळखी माणसांची पत्रे वाचवण्यात गुंतले होते. कुणाच्या दुकानाची बिले, कुणाची प्रेमपत्रे, कुणाच्या आईची खुशाली. पत्रे लिहिणाऱ्यांना या दोघांची नावेही ठाऊक नव्हती.

ही गोष्ट समजायला आपल्याला फार स्पष्टीकरण लागत नाही. तिच्यासाठी आपल्या घरात एक शब्द आहे, अमानत. गावाला जाताना शेजारणीने ठेवायला दिलेली दागिन्यांची डबी, मुंबईला निघालेल्या माणसाच्या हाती मुलासाठी धाडलेला लोणच्याचा डबा, मरणाऱ्याने कानात सांगितलेला निरोप, या सगळ्या अमानती. अमानतीची किंमत तिच्या वजनावर ठरत नाही. डब्यात सोने आहे की लोणचे, हे पाहून कुणी तो जपत नाही. देणाऱ्याने विश्वास टाकला, एवढे पुरेसे असते. त्या पिशव्या फेकणाऱ्या हातांना हा शब्द माहीत नसेल, पण अर्थ पुरेपूर माहीत होता.

या ठिकाणी आपण सहसा थांबतो. केवढी निष्ठा, असे म्हणतो, डोळे पुसतो आणि पुढे जातो. मला मात्र या ठिकाणी दुसरा प्रश्न सुरू होतो असे वाटते. टपालाची पिशवी वैमानिकाच्या हातातली अमानत होती, हे मान्य. मग तो वैमानिक कुणाच्या हातातली अमानत होता? त्याने पिशवीशी इमान राखले. ज्यांनी त्याला त्या विमानात बसवले, त्यांनी त्याच्याशी राखले का?

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

विमानाने टपाल नेण्याचा जगातला पहिला अधिकृत प्रयोग आपल्याच देशात झाला. १८ फेब्रुवारी १९११ रोजी हेन्री पेके या तरुण फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीपर्यंत उड्डाण केले. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, वेळ तेरा मिनिटांच्या आसपास. तिथे प्रदर्शन भरले होते आणि त्या प्रदर्शनातलाच हा एक भाग होता. पत्रे लवकर पोचणे हा त्यामागचा हेतू नव्हता, लोकांना नवल दाखवणे हा होता. नवल दाखवताना घाई नसते. हवा चांगली नसेल तर उद्या दाखवता येते.

अमेरिकेत १५ मे १९१८ रोजी वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये विमानाचे टपाल सुरू झाले तेव्हा मात्र नवलाचे वेळापत्रक झाले. सुरुवातीला लष्कराचे वैमानिक होते. १२ ऑगस्टपासून टपालखात्याने सगळा कारभार आपल्याकडे घेतला. विमाने बहुतेक युद्धासाठी बांधलेली. वैमानिक उघड्यावर बसे, तोंडावर वारा, पाऊस आणि इंजिनातले तेल. रस्ता दाखवायला एक बेभरवशाचे होकायंत्र आणि खाली दिसणारे रेल्वेचे रूळ. हवेत असताना पुढच्या गावी धुके आहे की ऊन, हे सांगणारा रेडिओ नाही. पॅराशूट बांधून उडण्याची रीत अजून पडलेली नव्हती. १९१८ पासून १९२७ पर्यंत टपालखात्याने ही सेवा स्वतः चालवली आणि त्या काळात तीसहून अधिक वैमानिक मारले गेले.

या साऱ्या प्रकरणातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट मला तिकिटाच्या किमतीत सापडते. सुरुवातीला विमानाच्या पत्राला चोवीस सेंटचे तिकीट लागे. ही रक्कम त्या काळी मोठी होती, त्यामुळे गिऱ्हाईक मिळेना. दर दोनदा उतरवले. शेवटी जुलै १९१९ मध्ये विमानाचा वेगळा आकारच बंद केला. त्यानंतर साध्या दोन सेंटच्या तिकिटाची पत्रे, जागा असेल तशी, विमानात टाकली जाऊ लागली. म्हणजे मिलरच्या विमानात जी पत्रे होती, ती पाठवणाऱ्यांनी माझे पत्र विमानाने न्या असे सांगितलेलेही नव्हते. ती आगगाडीने गेली असती तरी त्यांची तक्रार नव्हती. कुणीही न मागितलेल्या घाईसाठी दोन माणसे त्या दिवशी आकाशात होती.

मग घाई कुणाला होती? खात्याला होती, आणि तिला कारणही होते. ते कारण नीट समजून घेतले पाहिजे, कारण अशा प्रकरणांत एक खलनायक उभा केला की विचार करणे थांबते.

टपालखात्यात या सेवेची सूत्रे ऑटो प्रेगर या अधिकाऱ्याच्या हाती होती. हा माणूस आधी पत्रकार होता, वैमानिक नव्हता. विमान हे एक दिवस देशाच्या रोजच्या जगण्याचा भाग होणार, यावर त्याचा पक्का विश्वास होता आणि तो खरा ठरला. पण काँग्रेसमधल्या अनेकांना हा पैशांचा चुराडा वाटत होता. विमान पावसात बसून राहणार असेल तर आगगाडी काय वाईट, असे ते विचारत. प्रेगरने यातून एक निष्कर्ष काढला. हवा कशीही असो, विमान वेळेवर निघालेच पाहिजे. आगगाडी धुक्यात थांबत नाही, मग विमान का थांबावे? वेळापत्रक पाळले तर सेवा जगेल, सेवा जगली तर विमानविद्या जगेल. त्याच्या दृष्टीने हा हिशोब देशहिताचा होता. त्यात एकच अडचण होती. हिशोब त्याचा होता आणि धुक्यात जाणारा माणूस दुसरा होता.

जुलै १९१९ मध्ये हा ताण फुटला. १९ तारखेला पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात चार्ल्स लॅम्बॉर्न नावाचा टपाल-वैमानिक दाट ढगात सापडून कोसळला आणि मेला. तीनच दिवसांनी, २२ जुलैला, न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट पार्कच्या तळावर धुके उतरले होते. लिऑन स्मिथ या वैमानिकाने उडायला नकार दिला. त्याच्या जागी हॅमिल्टन ली याला बोलावले, त्यानेही नकार दिला. दोघांनाही वॉशिंग्टनहून बडतर्फ केले गेले. त्यावर बाकीच्या वैमानिकांनी संप पुकारला. वैमानिकांचा संप ही गोष्ट लोकांनी तोवर ऐकलेली नव्हती. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली, लोकमत बरेचसे वैमानिकांच्या बाजूने गेले आणि काही दिवसांत तडजोड झाली. ली परत कामावर आला. स्मिथला मात्र घेतले नाही. पहिला ‘नाही’ म्हणणाऱ्याला जगात सहसा परत घेत नाहीत.

या तडजोडीतले एक कलम नीतिशास्त्राच्या अनेक जाडजूड ग्रंथांपेक्षा मोलाचे आहे. हवामानावरून वैमानिक आणि तळाचा व्यवस्थापक यांच्यात वाद झाला, तर व्यवस्थापकाने आधी स्वतः वर जाऊन हवा पाहून यावी, असे ठरले. त्याला विमान चालवता येत नसेल, तर टपालाच्या पिशव्या ठेवतात त्या जागी बसून त्याने वैमानिकाबरोबर एक चक्कर मारावी.

या कलमाकडे जरा थांबून पाहू या. ‘धोका घेऊ नका’ असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. कामात धोका असतो हे वैमानिकांनाही मान्य होते. शेवटचा निर्णय अधिकाऱ्याचा, हेही त्यांनी मान्य केले. त्यांचे मागणे एवढेच होते की, निर्णय घेणाऱ्याने एकदा पिशवीच्या जागी बसून पाहावे. हुकूम देणाऱ्याच्या अंगाला धुके लागावे. तसे झाल्यावरही त्याला वाटले की जाता येईल, तर आम्ही जातो. दुसऱ्याला धोक्यात पाठवण्याचा अधिकार कुणाला, या प्रश्नाचे याहून सरळ उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

पण धुके डोळ्यांना दिसते. काही धोके दिसत नाहीत, आणि मिलरचा मृत्यू त्या दुसऱ्या प्रकारचा होता.

१९२० च्या उन्हाळ्यात टपालखात्याने आठ नवी विमाने घेतली. जर्मन युंकर्स बनावटीची, जॉन लार्सन या व्यापाऱ्याने अमेरिकेत आणलेली, म्हणून जेएल-६ या नावाची. संपूर्ण धातूची, जास्त माल नेणारी, कमी पेट्रोल पिणारी. कागदावर सगळ्याच दृष्टीने सरस. ८ सप्टेंबरला न्यूयॉर्क ते सॅनफ्रान्सिस्को असा देशभराचा हवाई टपालमार्ग सुरू व्हायचा होता आणि त्यासाठी ही विमाने हवी होती. त्यांच्या पेट्रोलच्या नळ्यांत दोष होता. इंजिनाच्या हादऱ्यांनी त्या फुटत, गळत, आणि गळलेले पेट्रोल पेट घेई. मार्ग सुरू व्हायला सात दिवस उरले असताना मिलर आणि रायर्सन जळून गेले. मार्ग ठरल्या दिवशी सुरू झाला. १४ सप्टेंबरला ओहायो राज्यात याच जातीचे दुसरे विमान पेटले. पुन्हा एक वैमानिक, एक मेकॅनिक. त्यानंतर विमाने जमिनीवर उतरवली, दुरुस्त केली आणि पुन्हा कामाला लावली. ९ फेब्रुवारी १९२१ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील ला क्रॉस येथे तिसरे विमान कोसळून पेटले. या खेपेला तिघे गेले. मग ही विमाने कायमची काढून टाकली.

पाच महिन्यांत एका जातीच्या तीन विमानांत सात माणसे. या तीन अपघातांना एकाच मापाने मोजणे मला बरोबर वाटत नाही. पहिल्या अपघाताला अज्ञान म्हणता येईल. नवे यंत्र आपले दोष माणसाला बळी घेऊनच दाखवते, असे कुणी म्हणाले तर वाद घालणे कठीण आहे. पण दुसरा अपघात पहिल्यानंतर तेराच दिवसांनी झाला. तेरा दिवस ती विमाने उडतच होती. आणि तिसऱ्याच्या वेळी तर कुणीतरी कचेरीत बसून ठरवले होते की, आता दुरुस्ती पुरेशी झाली. ज्याने ठरवले तो विमानात नव्हता. बेलमाँट पार्कचे कलम धुक्याला लागू झाले, नळीला लागू झाले नाही.

म्हणून धोक्यांचे दोन प्रकार केले पाहिजेत. एक आकाशाचा धोका आणि दुसरा कचेरीचा. वारा, ढग, डोंगर, माणसाच्या हातून होणारी चूक, हा आकाशाचा धोका. जो उडतो तो हा धोका जाणून पत्करतो आणि त्याच्या धाडसाला आपण सलाम करतो. फुटकी नळी, अशक्य वेळापत्रक, नाही म्हणणाऱ्याची बडतर्फी, हा कचेरीचा धोका. तो कुणीतरी तयार केलेला असतो आणि दुसऱ्याच्या अंगावर घातलेला असतो. अपघात झाल्यावर मात्र दोन्ही एकाच खड्ड्यात पुरले जातात आणि वर ‘धाडसी वीर’ अशी पाटी लागते.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. तिन्ही आपल्या ओळखीचे आहेत.

पहिला आक्षेप असा की, वैमानिकांना कुणी बळजबरीने आणले नव्हते. त्यांना चांगला पगार होता, उडण्याची हौस होती, ते राजीखुशीने आले होते. हे खरे आहे. पण राजीखुशीलाही मर्यादा असते. माणूस जेवढे जाणतो तेवढ्यालाच राजी होऊ शकतो. मिलर उडायला राजी होता, गळक्या नळीला राजी नव्हता, कारण ती त्याला सांगितलेलीच नव्हती. आणि नाही म्हटले तर नोकरी जाते हे स्मिथच्या उदाहरणाने सगळ्यांना दिसल्यावर पुढच्या प्रत्येक ‘हो’मध्ये किती खुशी आणि किती लाचारी, हे कसे वेगळे करणार? ज्याच्या ‘नाही’ला किंमत नाही, त्याच्या ‘हो’लाही पुरावा म्हणून दाखवता येत नाही.

दुसरा आक्षेप मोठा आहे. प्रगतीला कुर्बानी लागते. त्या वैमानिकांनी जीव दिले म्हणून आज जगभर विमाने सुखरूप उडतात. याच्या समर्थनार्थ एक प्रसिद्ध रात्र सांगितली जाते. २२ फेब्रुवारी १९२१ रोजी, म्हणजे ला क्रॉसच्या अपघातानंतर दोन आठवडेही उलटले नसताना, टपालखात्याने दिवसरात्र उडून देश ओलांडण्याचा प्रयोग केला. सरकार बदलण्याच्या बेतात होते, पैसा बंद होण्याची भीती होती, काहीतरी करून दाखवणे भाग होते. त्या रात्रीचा नायक जॅक नाइट. नॉर्थ प्लॅटहून तो ओमाहाला पोचला, पुढे जाणारा वैमानिक आलेला नव्हता, तेव्हा कधीही न उडालेल्या वाटेवरून अंधारात, बर्फात तो थेट शिकागोपर्यंत गेला. खाली लोकांनी त्याला वाट दिसावी म्हणून शेकोट्या पेटवल्या होत्या. सॅनफ्रान्सिस्कोचे टपाल ३३ तास २० मिनिटांत न्यूयॉर्कला पोचले. काँग्रेसने पैसे मंजूर केले. सेवा वाचली.

या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. त्याच प्रयोगात नेवाडा राज्यातील एल्को येथून उडताना विल्यम लुइस या वैमानिकाचे विमान कोसळले आणि तो मेला. नाइटची गोष्ट मुलांच्या पुस्तकांतून आली, लुइस तळटिपेत राहिला. त्याचा मृत्यू व्यर्थ गेला नाही, असे आपण म्हणतो. म्हणू या. पण ‘व्यर्थ गेला नाही’ आणि ‘आवश्यक होता’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि आपण फार चटकन एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. पहिल्या विधानाने मृताचा मान राखला जातो. दुसऱ्याने जिवंत अधिकाऱ्यांची सुटका होते.

तो मृत्यू आवश्यक होता का, याचे उत्तर पुढच्या वर्षाने दिले. मार्च १९२१ मध्ये नवे सरकार आले, प्रेगर गेला, खात्याचा कारभार बदलला. तऱ्हेतऱ्हेची विमाने बाजूला करून एकाच जातीच्या डीएच-४ विमानांवर भर दिला. हे विमान युद्धकाळात ‘जळती शवपेटी’ म्हणून बदनाम होते, कारण त्यात वैमानिक इंजीन आणि पेट्रोलची टाकी यांच्या मध्ये बसे. टपालखात्यासाठी त्यात आधीच बदल करून वैमानिकाला मागे बसवले होते आणि त्याच्या जुन्या जागेत टपाल ठेवले जाई. इंजिनांच्या तपासणीला शिस्त आली. वाईट हवेत उडण्याची सक्ती सैल झाली. आणि जुलै १९२१ पासूनच्या पुढच्या संपूर्ण वर्षात टपालखात्याच्या विमानसेवेत एकही माणूस मेला नाही. १९२२ ची कॉलिअर ट्रॉफी, अमेरिकेतला विमानविद्येचा सर्वांत मोठा सन्मान, या सेवेला मिळाली ती याच कामगिरीबद्दल.

आकाश तेच होते. डोंगर तेच, हिवाळा तोच, वैमानिकही बरेचसे तेच. बदलला होता तो कचेरीतला निर्णय. इंजिनांच्या तपासणीला शिस्त लावायला कोणता नवा शोध लागला होता? ते आधीही करता आले असते. त्याला कुर्बानी लागत नव्हती, सुतार आणि लोहार लागत होते, आणि त्यांना काम सांगणारा माणूस लागत होता.

तिसरा आक्षेप आपल्या घरातला आहे. ज्याची वेळ भरली तो जाणारच, तकदीरमध्ये लिहिलेले टळत नाही. मयताच्या घरी बसलेल्या आईला हे वाक्य आधार देते आणि तिच्या तोंडी ते शोभते. सब्र करायला माणसाला काहीतरी धरावे लागते. पण हेच वाक्य मालकाच्या, ठेकेदाराच्या, अधिकाऱ्याच्या तोंडून आले की त्याचा अर्थ बदलतो. मग तो सब्र उरत नाही, पळवाट होते. उंट मोकळा सोडून अल्लाहवर हवाला ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी आधी उंट बांधायला सांगितले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तदबीर आधी, तकदीर नंतर. आणि उंट दुसऱ्याचा असेल, किंवा उंटावर दुसऱ्याचा मुलगा बसलेला असेल, तर बांधण्याची जबाबदारी कमी होत नाही, वाढते.

सेवेच्या पुढच्या इतिहासात याची साक्ष देणारी आणखी एक घटना आहे. १९२६ साली हे टपाल खासगी कंपन्यांकडे जाऊ लागले तेव्हा चार्ल्स लिंडबर्ग सेंट लुइस ते शिकागो या मार्गावर टपाल नेत असे. अजून तो जगप्रसिद्ध व्हायचा होता. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये, दोनदा, खराब हवेत पेट्रोल संपत आल्यावर त्याने रात्रीच्या अंधारात विमान सोडून उडी मारली. त्याच्या पाठीला पॅराशूट होते. पहिल्या वेळी जमिनीवर उतरल्यावर त्याने पडलेले विमान शोधून काढले, टपाल बाहेर काढले आणि ते पुढच्या गाडीने शिकागोला जाईल अशी व्यवस्था केली. मिलरच्या विमानातून पिशव्या फेकणाऱ्यांचे आणि लिंडबर्गचे इमान एकाच जातीचे होते. फरक एवढाच की, सहा वर्षांनंतर इमान राखणाऱ्याला जिवंत राहण्याचीही सोय मिळाली होती. पिशवीही पोचली आणि माणूसही.

शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या देशातल्या या गोष्टीशी आपला काय संबंध, असे कुणी विचारील. लाल-निळ्या काठांची विमानाची पाकिटे आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांनी वर्षानुवर्षे जपली आहेत. आखातात गेलेल्या माणसाची खुशाली त्या पाकिटातून यायची. ज्या घरात पाकिटाची वाट पाहिली जाते, त्या घराला पाठवणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आज पत्र गेले, पण घाई गेली नाही, उलट ती आपल्या दारात आली आहे. काही मिनिटांत दूध, भाजी, बिर्याणी घेऊन येणारा पोरगा पावसात मोटारसायकल दामटतो. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत आपली अमानत असते आणि ती तो सांभाळतो. उशीर झाला तर आपण त्याला बोल लावतो. त्या दोन सेंटच्या पत्रांच्या मालकांनी घाई मागितली नव्हती. आपण तर मागतो.

आणि आपण केवळ गिऱ्हाईक नसतो. ज्याच्या हाताखाली एक जरी माणूस काम करतो, तो थोडासा प्रेगर असतोच. परातीवर माणूस चढवणारा मुकादम, गटारात माणूस उतरवणारा ठेकेदार, झोप न झालेल्या ड्रायव्हरला लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी काढायला लावणारे घरचे वडीलधारे. यातला कुणीही मनाने दुष्ट असतो असे नाही. प्रत्येकाकडे प्रेगरसारखे एक चांगले कारण असते. काम वेळेत व्हायला हवे, लोक ताटकळले आहेत, आजवर काही झाले नाही. कारण चांगले असले की माणूस स्वतःला प्रश्न विचारायचे विसरतो.

अशा वेळी बेलमाँट पार्कचे ते कलम आठवावे असे मला वाटते. पिशवीच्या जागी मी बसेन का? या परातीवर मी चढेन का? या गाडीत माझ्या मुलाला बसवीन का? उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल हुकूम द्यावा. उत्तर यायला वेळ लागत असेल, तर तो वेळ लागतो आहे हेच उत्तर समजावे.

अमानत ही एका हातात थांबणारी गोष्ट नाही. पत्र वैमानिकाकडे अमानत, वैमानिक खात्याकडे अमानत, आणि खाते ज्यांच्या नावाने चालते त्या लोकांकडे खात्याची बरीवाईट करणी. साखळीतल्या सर्वांत खालच्या माणसाने आपली कडी शेवटपर्यंत धरून ठेवली म्हणून वरच्यांची सुटका होत नाही. उलट त्याने धरून ठेवली होती, म्हणूनच वरच्यांच्या हातून काय सुटले ते स्पष्ट दिसते. मॉरिसटाउनच्या आकाशातून खाली पडणाऱ्या त्या पिशव्यांचे आपण कौतुक जरूर करावे. पण त्यांचा हिशोब मिलर आणि रायर्सन यांच्यापाशी संपतो असे समजू नये. त्यांनी आपली अमानत परत केली होती. ती दोन माणसे ज्यांच्या स्वाधीन होती, त्यांच्याकडून मात्र ती परत आली नाहीत.